उलट्या पावलांचा धवला

एक ससा. त्याच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार. बर्लिनजवळची प्रयोगशाळा, सन १९३८. सशाला बाहेरून काही जाणवलं, हात लागला किंवा आवाज झाला, की कागदावरच्या वेड्यावाकड्या रेषा एका ठेक्यात यायच्या. सेकंदाला पाच-सहा लाटा.

भाताचं रोप लावताना पाऊल मागे टाकतात. पुढे टाकलं तर लावलेलं आपल्याच पायाखाली येईल.

हौसाला मीठ आणायला शहापूरच्या बाजारात धाडलं तर ती गूळ आणते. पदरातून आणते, कारण पिशवी बाजारात राहिलेली असते.

समुद्रघोडा. वीतभर लांबीचा, शेपटी वळलेला मासा. शहापूरजवळच्या शेणव्यात तो कोणी पाहिलेला नाही. पण प्रत्येकाच्या डोक्यात, दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, त्याच्या आकाराचा एकेक तुकडा असतो, आणि मेंदू कापून पाहणाऱ्यांनी त्याला त्या माशाचंच नाव दिलं आहे.

लग्नात गायचा धवला मध्ये तोडायचा नसतो.

मंगळी विचारते, "मांडवात बांध कोणी घातला होता गो?" कोणीच घातला नव्हता.

बसून

शेणव्यातल्या महिपतची बायको हौसा. तिशीच्या आतबाहेरची, कामाला वाघीण, गळ्याने गोड आणि विसरण्यात पंचक्रोशीत पहिली. तिने कोयता कुठे ठेवला हे तिला सोडून सगळ्या आळीला ठाऊक असायचं. महिपत म्हणायचा, "माझं नाव ध्यानात हाय ना, तेवढं पुरे."

महिपतची आत्या सरस्वती ही धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नात पाटावर बसून गाणारी बाई. देवांना आमंत्रण, हळद, अक्षता, नवरीचा गृहप्रवेश, प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. तिने तोंड उघडल्याशिवाय कोणी हळदीला बोट लावत नाही. सरस्वतीआत्याच्या धवल्यात एकशे चार कडवी होती. ती कुठेही लिहिलेली नव्हती. होती ती आत्याच्या डोक्यात, आणि त्याआधी तिच्या आजीच्या.

अडतीस सालच्या सुरुवातीच्या थंडीत आत्याला ताप आला. ताप गेला, जाताना आवाज घेऊन गेला. मागे उरली नुसती कुजबूज, वाळक्या पानावरून सरडा गेल्यासारखी. आत्याला मूल नव्हतं. तिने आळीतल्या पोरीबाळी, लेकीसुना एकेक करून गायला लावल्या आणि शेवटी बोट दाखवलं ते हौसाकडे.

सगळ्या आळीने कपाळाला हात लावला.

"आत्या, तिच्या डोक्यात मीठ रहात नाय, धवला कसा राहील?" महिपतनेच विचारलं.

"गळा देवाने दिलाय," आत्या कुजबुजली. "डोकं मी भरते."

 त्या दिवशी हौसाकडून दोनदा भात करपला. लहानपणापासून तिला 'विसरभोळी' सोडून कोणी काही म्हटलं नव्हतं. आणि आता एकशे चार कडवी कोणीतरी तिच्या हवाली करत होतं. ती घ्यायचीच, हे तिने चुलीपुढेच ठरवलं.

रोज सकाळी दोघी ओसरीवर बसायच्या. आत्याचा नियम कडक. मांडी घालायची, हात मांडीवर, मान खाली, डोलायचं नाही. धवलारीण एकदा बसली की धवला संपेपर्यंत उठत नाही, म्हणून शिकणंही तसंच. आत्या ओळ कुजबुजायची आणि हौसा म्हणायची:

*आधी बोलवा माहुलीच्या देवा,*
*तांदळाची मूठ मांडवाला ठेवा.*

दुसरी ओळ म्हणेपर्यंत पहिली निसटायची. घट्ट धरलेल्या मुठीतून पाणी जावं तशी. चैत्र गेला, वैशाख गेला, जेठ सरत आला. कडवी झाली नऊ.

"हौशे," आत्या म्हणाली, "तुझं धाव्वं कडवं यायच्या आधी माझा धाव्वा घालतील गो."

त्याच सुमारास आळीतल्या राघोच्या लेकीचं, कमळचं लग्न ठरलं. मुलगा पार मुरबाडच्या पलीकडचा, वैशाखरे गावचा नवसू. लग्न पुढच्या वैशाखात, मुलाच्या दारी. नवसूचा बाप महादू बोलणी करायला आला तेव्हा त्याने ओसरीवर चाललेला अभ्यास पाच मिनिटं ऐकला आणि राघोला बाजूला घेतलं.

"तुमची धवलारीण ही? मग मी मुरबाडची आणतो ना. आमची पोरं लगीन लागेस्तोवर म्हातारी व्हायची."

राघो भला माणूस. तो म्हणाला, आधी आमची बसेल, तिचा धवला तुटला तर तुमची आणा. महादूने मान डोलावली.

आत्याने हे ऐकलं आणि हौसाला एवढंच सांगितलं, "कमळीच्या लग्नात तुझा धवला उभा राहिला तर राहिला. तुटला तर माझा माझ्याबरोबर जाऊ दे. दुसऱ्यांदा बसवायला माझ्याकडे कुजबूज उरायची नाय."

वाकून

आषाढात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. चिखल केलेल्या खाचरात बाया रांगेने वाकलेल्या, पाठीवर पानांची इरली, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-चार रोपांची एकेक चूड चिखलात रोवायची आणि पाऊल मागे. रोव, पाऊल मागे. रोव, पाऊल मागे. हौसाच्या शेजारी मंगळी होती. मंगळीची जीभ तिच्या हातापेक्षा चपळ.

"हौशे, गा काहीतरी. कंबर मोडली माझी. तुझी नऊ कडवी गा, दहावं मी शिव्यांचं घालते."

हौसाने नऊ कडवी गायली. मंगळी शिवी शोधत होती, तेवढ्यात हौसाच्या तोंडून दहावं कडवं आलं. हातातली चूड चिखलात गेली, पाऊल मागे पडलं, अकरावं आलं. हौसा थांबली. तशी बाराव्याची ओळ जिभेवर येऊन अडकली. घाबरून तिने परत चूड रोवली, पाऊल मागे टाकलं, आणि ओळ सुटली.

"हे कुठून आलं गो?" मंगळी म्हणाली.

"मला ठाव नाय. तू रोव. थांबू नको."

त्या दिवसापासून अभ्यास बदलला. सकाळी हौसा भाकरी बांधत असताना आत्याने कडवी कुजबुजायची आणि हौसाने दिवसभर ती खाचरात लावायची. देवांचं आमंत्रण वरच्या खाचरात गेलं. घाटाकडच्या देवांना बोलावणारी ओळ बरोबर त्या दगडापाशी, जिथे पाय हटकून ठेचाळायचा. वाकड्या खाचरात हळद गेली. अक्षता जांभळीखालच्या तुकड्यात. नवरीचा गृहप्रवेश ओढ्याकाठच्या शेवटच्या खाचरात. एक खाचर संपलं की बांध. बांधाशी टाच वर उचलायची, श्वास घ्यायचा, पलीकडे नवं खाचर आणि नवा विधी.

उलटं चालताना पुढचं दिसत नाही, पाठीमागे असतं ते. दिसतं ते झालेलं, समोर हिरवंगार, ओळीने उभं. हौसाला जन्मात पहिल्यांदा आपण केलेलं काम, आणि म्हटलेलं गाणं, डोळ्यासमोर जागच्या जागी दिसत होतं.

बसून, पण भाकरी खात

दुपारी बाया बांधावर टेकायच्या. भाकरी, भाजलेला बोंबील, मिरची. हौसा पहिला घास तोंडात घालायची आणि कुठेतरी हरवायची. डोळे उघडे, तोंड बंद, हात हवेत. ती मुद्दाम काहीच आठवत नसायची. पण सकाळचं सगळं खाचर डोक्यातून सर्रकन जायचं, पाखरांचा थवा जातो तसं. कधी दगडापासून बांधापर्यंत, कधी बांधापासून मागे दगडापर्यंत. उठून परत वाकली की कडवी सकाळपेक्षा घट्ट बसलेली असायची.

"भाकरी तू खातेस का भाकरी तुला?" मंगळी विचारायची.

बऱ्याच वर्षांनी लोकांनी उंदरांच्या डोक्यात तारा बसवून हेच पाहिलं. उंदीर वाट चालत असतो तोवर त्या समुद्रघोड्यात लाटांचा ठेका चालू असतो, आणि वाटेतल्या एकेका जागेला तिथली एकेक पेशी हुंकार देते. उंदीर खायला थांबला की ठेकाही थांबतो, आणि मग नुकतीच चाललेली वाट डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा उमटून जाते. कधी सुलट, कधी उलट. थांबणंही शिकण्यातच धरायचं असतं. हौसाच्या डोक्याला कोणी तार लावली नव्हती. तिच्या डोक्यावर इरलं होतं आणि इरल्यावर एक बेडकी.

आवणी संपली त्या दिवशी सरस्वतीआत्या काठी टेकत बांधावर आली. हौसाने शेवटची चूड रोवली तेव्हा एकशे चौथं कडवं संपलं. आत्याने काठी चिखलात खुपसली आणि दोन्ही हातांनी हौसाच्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. हौसाचे गाल चिखलाचेच होते, त्यामुळे आत्याचेही हात भरले.

"आता विसरू नको," आत्या म्हणाली.

सारवताना

आवणी ते वैशाख म्हणजे नऊ-दहा महिने. भात कापलं, झोडलं, खळं उठलं, लावायला रोप उरलं नाही. हौसाने तोड काढली. शेणाने घर सारवतानाही बाई उकिडवी बसून मागे मागेच सरकते. सारवलेल्यावर पाय पडू नये म्हणून. तिने घर सारवायला घेतलं. आठवड्यातून एकदा सारवायचं घर ती दिवसाआड सारवू लागली. वरची खोली म्हणजे वरचं खाचर, माजघर म्हणजे वाकडं, पडवी म्हणजे ओढ्याकाठचं. उंबऱ्याशी टाच वर.

"हौशे, जमीन वर आली," महिपत म्हणाला. "आता मला दारातून वाकून यावं लागतं."

"या ना वाकून. म्हातारपणी सवय पायजेच."

शेजारणी शेण मागायला यायच्या तर महिपतच्या गोठ्यात शेणाचा पो राहिलेला नसायचा. म्हशीला बिचारीला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती बावरलेली दिसे.

पण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. हौसाच्या नाही, महिपतच्या नाही, आत्याच्याही नाही. ती एकशे चार कडवी हौसाने सरळ पावलांनी एकदाही म्हटली नव्हती. आणि बसून तर फक्त पहिली नऊ.

पाटावर

एकोणचाळीसचा वैशाख. शेणव्याच्या गाड्या आदल्या दिवशी निघाल्या, मुरबाडला थांबल्या आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत वैशाखऱ्याला पोचल्या. मांडव मोठा होता, वर आंब्याजांभळीच्या डहाळ्या, खाली नवं सारवण. एका बाजूला मुरबाडची धवलारीण नवं लुगडं नेसून, पान लावून, सावकाशीने बसली होती. महादूने तिला बोलावूनच ठेवलं होतं.

हौसा पाटावर बसली. मांडी, हात मांडीवर, मान खाली. मागे मंगळी आणि आणखी दोघी शेणवेकरणी, ओळ उचलून परत म्हणायला. आत्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून.

नऊ कडवी अशी गेली की मांडवातल्या बायांनी एकमेकींना कोपरं मारली. गळा तर होताच. महादूसुद्धा विडी विझवून ऐकू लागला.

नववं संपलं.

हौसाने दहाव्यासाठी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. रिकामी कोठी. तिने डोळे मिटले, तरी काही नाही. आत्याने पहिला शब्द कुजबुजला. तो हौसाने म्हटला, आणि तो एकटाच मांडवात उभा राहिला, त्याच्यामागून कोणी आलं नाही.

मागे मंगळीने नववंच पुन्हा उचललं, वेळ काढायला. ते संपलं. तिने परत उचललं.

"हे आत्ताच झालं की," महादू म्हणाला. "शेणव्याला नऊच देव का?"

पुरुषांत हशा पिकला. मुरबाडच्या बाईने पानाची पिचकारी टाकायला तोंड वळवलं, म्हणजे ती गायला तयार होत होती. हळदीच्या पाटावर बसलेल्या कमळने मुंडावळ्यांतून हौसाकडे पाहिलं. मंगळीने नववं तिसऱ्यांदा संपवलं. चौथ्यांदा ते चाललं नसतं.

हौसाला तेव्हा एकच गोष्ट जाणवली. तिची उजवी टाच मांडीखाली वळवळत होती. काहीतरी शोधत होती. मागे जायला जागा शोधत होती.

उठून

हौसा उठली.

"उठली," महादू म्हणाला. "मोडला धवला."

हौसाने पदर खोचला, कंबरेत वाकली, डाव्या हाताची मूठ धरली, उजव्या हाताने हवेतली चूड जमिनीत रोवली आणि पाऊल मागे टाकलं. दहावं कडवं आलं. मंगळीचं नववं नुकतंच संपत होतं, त्याच्या शेवटच्या अक्षराला दहाव्याचं पहिलं चिकटलं.

रोव, पाऊल मागे. अकरावं. रोव, पाऊल मागे. बारावं.

मंगळीला काही सांगावं लागलं नाही. तीही उठली, वाकली, हौसाच्या रांगेत लागली. मागोमाग दुसऱ्या दोघी. चौघी एका रेषेत, मांडवाच्या मधल्या चौकाभोवती, पाठीकडून येऊ लागल्या. वैशाखऱ्याच्या बाया आधी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. पण त्या रांगेतलं त्यांना काय नवं होतं? जन्म त्याच चालीत गेलेला. एक उठली, मग तिची जाऊ उठली, मग तिची सासू. बघता बघता पंधरा-वीस बाया वाकून, मूठ धरून, उलट्या पावलांनी मांडव लावायला लागल्या. ढोलकीवाल्याचा हात आपोआप त्या पावलांवर आला.

"अरे, बघून चाला," महादू ओरडला, कारण रांग त्याच्याच अंगावर येत होती.

"बघूनच चाललोत दादा," मंगळी वाकल्या वाकल्या म्हणाली, "फक्त मागचं दिसत नाय."

ठेच लागायच्या दगडापाशी हौसाचं पाऊल लचकलं. मांडवात दगड नव्हता. तिच्या मागोमाग अख्खी रांग लचकली. मग देवांचं खाचर संपलं, हौसाने टाच वर उचलून बांध ओलांडला, आणि वीस बायांनी सपाट सारवलेल्या जमिनीवर वीस टाचा उचलून बांध ओलांडला. पलीकडे हळद होती. सुवासिनींनी लगेच कमळला हळद लावायला घेतली, कारण गाणं तिथे आलं होतं.

त्या दिवशी उलट्या पावलांखाली आलेल्या वस्तू: हळदीच्या दोन वाट्या, पाण्याचा एक तांब्या, नवसूच्या मामाचं पागोटं, मुरबाडच्या बाईचा पानाचा डबा. आणि महादू. तो बाजूला व्हायला म्हणून उलटा सरकला, हळदीच्या परातीत बसला आणि उठला तेव्हा मागून नवरदेव दिसत होता.

मुरबाडच्या बाईने डबा उचलला, चेपलेलं झाकण बघितलं, कमरेला खोचला आणि रांगेत शिरली. "पुढं काय हाय गो?" तिने मंगळीला विचारलं. "अक्षता. जांभळीखाली," मंगळी म्हणाली. "जांभूळ कुठंय?" "शेणव्यात."

अक्षता पडल्या, जेवणं झाली; तेवढी सुट्टी धवल्यात धरलेलीच असते. जेवायला मात्र सगळ्या बसल्या, आणि हौसाचा पहिला घास नेहमीसारखा हवेत थांबला. मंगळीने पानावर माशी बसू दिली नाही. उन्हं कलली तेव्हा गृहप्रवेश आला, ओढ्याकाठचं खाचर.

आता समोर कमळ, पिवळीजर्द, नवसूचा हात धरून घराकडे येणारी. आणि तिच्याकडे तोंड करून हौसा, वाकलेली, मागे मागे तिच्या सासरच्या दाराकडे जाणारी:

*एक पाऊल मागे, एक चूड उभी,*
*हिरवं केलं घर, ये गो लेकी उभी.*

हौसाला दार दिसत नव्हतं. कमळला दिसत होतं. ती डोळ्यांनी सांगू पाहत होती की मागे उंबरा आहे, पडशील. हौसाने एकशे तिसऱ्याची शेवटची ओळ म्हटली आणि टाच वर उचलली. शेणव्याचा बांध आणि महादूचा उंबरा एकाच जागी आले. हौसा आत गेली, कमळने माप ओलांडलं, आणि एकशे चौथं कडवं दोघींनी घराच्या आत पुरं केलं, कारण वर्षभर आळीत ऐकून ते कमळलाही येऊ लागलं होतं.

ढोलकी थांबली. महादू पुढे आला. धोतर मागून पिवळं, चेहरा मात्र न्याय करणाऱ्या माणसाचा.

"गायली झकास," तो म्हणाला. "पण नियम तो नियम. धवलारीण पाटावरनं उठली. तुटला का नाय तुटला, सरस्वतीबाय, तुमीच बोला."

सगळा मांडव गप्प झाला, कारण आत्याची कुजबूज ऐकायची तर गप्पच व्हावं लागे. हौसा दारात उभी होती.  

आत्या काठीवर रेलून सावकाश म्हणाली, "उठली. थांबली नाय." मग दम घेऊन, "माझं काम झालं. आता पाट नका मांडू हिला. मांडव तेवढा मोठा घाला."

हौसा आत्याच्या पाया पडायला वाकली, आणि सवयीने एक पाऊल मागे गेली, त्यामुळे तिचे हात आत्याच्या पायांपर्यंत पोचलेच नाहीत. आत्याच पुढे आली. मांडवात हसू उसळलं, ते बैलांपर्यंत गेलं असावं, कारण एका बैलाने घुंगरं वाजवली.

महादूने घसा साफ केला. "माझ्या धाकटीचं माघात हाय," तो म्हणाला. "हौसाबाय येतील का?"

"येतील," महिपत मागून म्हणाला. "पण आधी तुमच्या गोठ्यात म्हशी किती ते सांगा."

हौसाने माघातलं ते लग्न लावलं. नंतर शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांत आणखी कित्येक लावली. मिठाऐवजी ती गूळच आणत राहिली.

सरस्वतीआत्या धवला शिकली ती आठव्या वर्षी, आजीच्या समोर बसून, जात्याचा खुंटा धरून, आणि जातं फिरत नसताना तिने त्या वर्षात एकही ओळ म्हटली नव्हती.